वय झालं म्हणून गप्प बसू नका

आमचे अब्बा रात्री चार-चार वेळा उठायचे. लघवीची धार बारीक झालेली. नंतर थेंब पडायचे, वुजू राहिला की नाही ही शंका. मशिदीत जाणंही कमी झालं. विचारलं तर म्हणत, "वय झालं, बेटा." शेवटी अम्मींनीच मला सांगितलं.

डॉक्टरांनी युरोफ्लोमेट्री सांगितली. यात सुई नाही, नळी नाही. फनेलमध्ये लघवी करायची. खालच्या भांड्याचं वजन जसं वाढतं तसा यंत्र वेग मोजतं आणि आलेख काढतं. पुरुषांत सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा ठीक. १० च्या खाली असेल तर प्रोस्टेटचा अडथळा असू शकतो किंवा मूत्राशयाचा स्नायू थकलेला असतो. यातलं नेमकं काय, ते डॉक्टरच पुढे तपासून ठरवतात.

तपासणीसाठी किमान १५० मिली लघवी व्हावी लागते. दाराबाहेर माणसं, अब्बांना होईना. बसून करायची सवय सांगितली, तेव्हा खुर्ची मिळाली.

आता घरी वापरायची डिजिटल यंत्रंही आली आहेत. स्वतःच्या संडासात, निवांतपणे, अनेकदा मोजता येतं. यंत्र नसेल तर मापाचं भांडं आणि वही घ्या. तीन दिवस वेळ आणि माप लिहा. डॉक्टरांना तेही उपयोगी पडतं.

लघवी अडली किंवा रक्त दिसलं तर मात्र मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आज घरातल्या बुजुर्गांना एकदा विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत.