सायकलची पावती

गेल्या महिन्यात तालुक्याच्या चौकात आम्हाला सायकलसह अडवले. हँडलला कोथिंबिरीच्या दोन पिशव्या. ‘लायसन? गाडीचा नंबर?’ हवालदारसाहेबांच्या ई-चलानच्या मशीनला नंबर लागतो. सायकलला तो कुठला! मग शंभर रुपये मागितले, बिनपावतीचे. आम्ही म्हणालो, साहेब, पावती द्या आणि तीवर कलम लिहा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहन म्हणजे यंत्रशक्तीने चालणारे. पायाने रेटायची सायकल त्यात बसत नाही. तिला लायसन, विमा, नंबर काही लागत नाही. म्हणून सायकलवाला मोकाट सुटला असे मात्र नव्हे. आपल्या राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात वाहनाच्या व्याख्येत सायकल आहे, आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचे बंधन तिलाही आहे. आम्ही त्या दिवशी खरोखरच उजव्या अंगाने घुसलो होतो. बाजार उठायची घाई, दुसरे काय! त्या कलमाखाली रीतसर पावती फाडली असती तर मुकाट्याने भरली असती.

पण कलम विचारताच ‘जा, जा’ झाले. आम्ही शेतकीचे पदवीधर, चार कायदे चाळलेले, म्हणून सुटलो. आमच्या मागेच दुधाच्या किटल्या अडकवलेले एक बाबा सायकल धरून उभे होते. त्यांनी कोणी काही विचारण्याआधीच खिशात हात घातला.