सुजेची गोळी : नाव एन्झाइमचे, काम दुसऱ्याचेच

रात्रपाळी सुटली की यंत्रमागाच्या गल्लीतील औषधाच्या दुकानावर गर्दी होते. "सुजेवरची गोळी द्या," एवढेच मागणे. कोणाचा खांदा भरून आलेला, कोणाची कंबर धरलेली. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कापून देतो, डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. जरीच्या अड्ड्यावर दिवसभर मांडी घालून बसणारे, शिलाई यंत्रावर मान मोडून काम करणारे, वेल्डिंगवाले, सर्वांच्या खिशात ही गोळी सापडते. तिच्यात काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि विकणारा सांगत नाही.

या गोळीची ख्याती सेरॅशिओपेप्टिडेज या एन्झाइममुळे झाली. एन्झाइम म्हणजे विकर. हे विकर प्रथिने तोडते. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या एका जिवाणूपासून जपानमध्ये 1960च्या दशकात ते वेगळे करण्यात आले. टाकेडा कंपनीने ते 'डॅन्झेन' या नावाने विकले आणि पुढे आपल्याकडेही त्याचा जोरात प्रसार झाला. सुजलेल्या जागी साठलेली निकामी प्रथिने विरघळवून ते सूज उतरवते, असा दावा. दावा पटण्यासारखा आहे, यात शंका नाही. पण जपानमध्येच नव्याने चाचणी घेतली तेव्हा औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा त्याचा जास्त गुण सिद्ध झाला नाही, आणि 2011 मध्ये कंपनीने स्वतःहून आपला माल बाजारातून परत घेतला. 2013 मध्ये भारतीय डॉक्टरांनीच तोवरचे सर्व अभ्यास तपासले. पुरावा अपुरा आहे, असा त्यांचाही निष्कर्ष निघाला. अक्कलदाढ काढल्यानंतर सूज काहीशी कमी झाल्याचे लहानसहान अभ्यासांत दिसते. मात्र कंबर, मान, गुडघा यांच्या जुनाट दुखण्यावर भरवसा ठेवावा असे काही हाती लागलेले नाही.

मग आपल्या कारागिराला आराम पडतो तो कशाने? पट्टी उलटी करून बारीक अक्षरे वाचा. नेहमीचे मिश्रण असे असते : एसिक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम आणि सेरॅशिओपेप्टिडेज 15 मिलिग्रॅम. काही गोळ्यांत एसिक्लोफेनॅकच्या जागी डायक्लोफेनॅक 50 मिलिग्रॅम असते. दुखणे थांबते ते या पहिल्या दोन औषधांनी. शाबासकी एन्झाइमला मिळते, आणि त्याच्या नावावर गोळी 'साधी', 'नुसती सुजेची' समजून महिनोन्महिने घेतली जाते.

खरा धोका इथे आहे. एसिक्लोफेनॅक व डायक्लोफेनॅक रोज पोटात गेले तर जठरात व्रण पडतो, रक्तस्राव होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. ज्याला आधीच मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्याचे मूत्रपिंड आणखी लवकर थकते. शरीरात पाणी कमी असताना तर हा ताण फारच वाढतो. रमजानमध्ये सहरीला गोळी गिळून दिवसभर भट्टीसमोर किंवा पत्र्याखालच्या कारखान्यात घाम गाळणाऱ्या भाईने याचा विचार करावा. शिवाय ताप आला म्हणून वरून पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतली, तर तेच औषध दुप्पट जाते आणि भार यकृतावर पडतो.

एन्झाइम स्वतःही अगदीच निरुपद्रवी नाही. रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन ठरले असेल तर डॉक्टरला आधी सांगितलेच पाहिजे. अंगावर पुरळ, मळमळ, आणि क्वचित फुप्फुसाला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. गोळी मोडून किंवा चावून खाणे तर व्यर्थच. जठरातील आम्लाने एन्झाइम नष्ट होते, म्हणून तर तिच्यावर वेगळे आवरण चढवलेले असते.

हल्ली याच कामासाठी दुसरी एन्झाइमेही विकली जातात. ब्रोमेलेन अननसापासून निघते, पॅपेन पपईपासून. "झाडपाल्याचे आहे, काही होत नाही" असे सांगून ती गळ्यात मारली जातात. पण रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ब्रोमेलेनबाबतही तीच सावधगिरी हवी. ट्रिप्सिनचे मूळ प्राण्यात आहे. ते गुरांच्या किंवा डुकरांच्या स्वादुपिंडातून काढतात आणि पट्टीवर प्राण्याचे नाव सहसा नसते. हलाल-हरामची काळजी असणाऱ्याने दुकानदारामार्फत कंपनीकडे लेखी विचारणा करावी. कॅप्सूल असेल तर जिलेटिन कशाचे, हेही विचारावे.

आपल्या समाजातही औषध विक्रेते पुष्कळ आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो. "मी नाही दिली तर शेजारचा देईल," हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. शेजारचा देईल हे खरे. पण डायक्लोफेनॅकच्या गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात, पट्टीवर 'आरएक्स'ची खूण असते, आणि चिठ्ठीशिवाय दिल्यास पणाला आपला परवाना लागतो, शेजाऱ्याचा नव्हे. चार गोळ्यांवर सुटणारा नफा तो किती!

कारखानदारांनाही एक सांगणे आहे. ज्या कारागिराला आठवड्यातून तीनदा गोळी लागते, त्याची बैठक एकदा जाऊन पाहा. माग किंवा मशीन त्याच्या उंचीला जुळते का, मान किती वाकते, तासातासाने उठून पाठ सरळ करायला मिळते का? एका लाकडी पाटाने किंवा उंच स्टुलाने बरेच काम भागते, आणि त्याचा खर्च महिनाभराच्या गोळ्यांपेक्षा फारसा जास्त येत नाही. एवढे करूनही दोन आठवड्यांत दुखणे हटले नाही, पायाला मुंग्या आल्या किंवा शौचाला काळी होऊ लागली, तर दुकानाकडे न वळता सरळ सरकारी दवाखान्यात जावे आणि जाताना रिकामी पट्टी बरोबर न्यावी.