माल कोणाचा, पट्टी कोणाच्या नावावर?

सोलापूर–वाडी लोहमार्गावरील दुधनी ही तूर-उडदाची बाजारपेठ. येथील आडत दुकानात वाढलेल्या मुलाला दोन गोष्टी न शिकविताच समजतात. माल शेतकऱ्याचा असतो, आडत्या तो विकून देतो व आपली आडत घेतो. आणि पट्टी ज्याच्या नावे निघते, पैसा त्याचा. हीच सूत्रे आज व्यापारी घरांना अनोळखी असलेल्या एका व्यवसायाला लागू पडतात. स्वतः गीत लिहून, स्वतः चाल लावून व गाऊन, संगणकावर स्वतःच त्याची ध्वनिरचना करणाऱ्या स्वतंत्र कलावंताचा हा व्यवसाय. घरातील मुलगा किंवा मुलगी कानाला हेडफोन लावून रात्र-रात्र संगणकापुढे बसली, की वडीलधाऱ्यांना काळजी वाटते. ती स्वाभाविक आहे. पण काळजी नेमकी कशाची करावी, हे समजून घेतले पाहिजे.

पुण्यात वाढलेल्या ऋत्विज श्रीवास्तव यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 1996 साली जन्मलेल्या या कलावंताने बालपणी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले आणि पुढे धृपद गायक पंडित उदय भवाळकर यांच्याकडे तालीम घेतली. त्याच वयात संगणकावर संगीत रचण्याचाही त्यांना छंद लागला. 2017 साली ‘उड गये’ या गाण्याने त्यांचे नाव देशभर पोहोचले. त्यानंतर 2019 मध्ये ‘देव’ हा गीतसंच, 2021 मध्ये न्यूक्लिया यांच्यासमवेत ‘बारात’ आणि 2022 मध्ये ‘मिम्मी’ हा संग्रह, असा त्यांचा क्रम राहिला. चित्रपटाचा आधार न घेता स्वतःच्या गाण्यांवर त्यांनी श्रोतृवर्ग उभा केला. एका रात्रीत मिळालेल्या वाटणाऱ्या यशामागे अनेक वर्षांचा रियाज होता, ही गोष्ट पालकांनी आणि मुलांनीही ध्यानात ठेवावी.

पूर्वी हे शक्य नव्हते. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका केली. ती ग्रामोफोन कंपनीने काढली. पण फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. 2010 मध्ये परदेशात तिचे पुनःप्रकाशन झाले, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी तिची थोरवी मानली. 2015 मध्ये सिंग यांचे निधन झाले. त्या काळी कंपनीशिवाय तबकडी निघत नव्हती आणि दुकानाशिवाय ती विकली जात नव्हती. आज संगणक हीच मुद्रणशाळा आहे, आणि डिजिटल वितरक वार्षिक शुल्क किंवा ठरावीक टक्केवारी घेऊन गाणे जगभरच्या श्रवणसेवांवर पोहोचवितो. हा वितरक म्हणजे आडत्याच. माल त्याचा होत नाही.

मात्र हे नाते कराराच्या कागदावर अवलंबून असते. एका गाण्यात तीन मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे. जो पुढाकार घेऊन व जबाबदारी पत्करून ध्वनिमुद्रण करतो, तो कायद्याने त्याचा निर्माता ठरतो. म्हणून स्वतःच्या खर्चाने गाणे मुद्रित करणारा मुलगा तिन्हींचा धनी असतो, आणि एका सहीने तिन्ही गमावूही शकतो. हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनातील आपला समान वाटा कंपनीला सोडून देता येत नाही. हे स्वामित्वधन गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था 1969 पासून कार्यरत आहे. तिचे सभासदत्व हे नवोदिताचे पहिले काम असावे.

धोकेही तितकेच खरे आहेत. एका श्रवणामागे मिळणारी रक्कम पैशांत मोजावी इतकी अल्प असते. उत्पन्न अनियमित असते. एका गाण्याने हात दिला म्हणून पुढचे गाणे चालेलच असे नाही. बरेचसे उत्पन्न रंगमंचीय कार्यक्रमांतून येते आणि टाळेबंदीच्या काळात ते एकाएकी थांबले होते. म्हणून या व्यवसायासाठी स्वतंत्र बँक खाते, प्रत्येक गाण्याचा वेगळा खर्च-जमा आणि निदान एका वर्षाच्या घरखर्चाची शिल्लक असावी. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते.

श्रावकाच्या दृष्टीने आणखी दोन प्रश्न उरतात. इलेक्ट्रॉनिक संगीतात दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलून आपल्या गाण्यात बसविणे सोपे असते. परवानगीवाचून तसे करणे ही कायद्याने आगळीक आहेच. शिवाय अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने चोरून आणलेला माल घेणेही गणले आहे, हे विसरता येत नाही. दुसरा प्रश्न पैशाच्या उगमाचा. या क्षेत्रातील अनेक स्पर्धा व समारोह मद्यनिर्मात्यांच्या नावाने भरतात; ‘उड गये’ गाजले ते अशाच एका स्पर्धेतून. न्यायोपात्त धन हा गृहस्थाचा पहिला गुण मानणाऱ्या आणि रसवाणिज्य वर्ज्य समजणाऱ्या घरातील मुलाने असे व्यासपीठ स्वीकारावे की नाकारावे, याचा निर्णय निमंत्रण येण्यापूर्वीच घरात बसून झालेला बरा. नाकारल्यास वाट लांबेल, हे पालकांनी मान्य केले पाहिजे. आणि मग त्या लांबलेल्या वाटेचा खर्च उचलण्याची तयारीही त्यांनीच दाखविली पाहिजे.

दुकानात बसत नाही म्हणून मुलगा वाया गेला, असा निष्कर्ष काढण्याआधी वडिलांनी त्याचे करारपत्र एकदा वाचावे आणि त्याच्यासह वर्षाचा हिशेब मांडावा. सौदा, मुदत आणि नावे यांतली खोच आडत दुकानदाराइतकी दुसऱ्या कोणाला क्वचितच कळते. मुलाला त्यांच्याकडून घेण्यासारखे एवढे एक भांडवल तरी निश्चित आहे.