पुढचं गवत, मागचा डोंगर

पावसाळा सरला की सावेडीतल्या आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो: लँडस्केपसाठी डिजिटल मीडियम फॉरमॅट घेऊ का? विचारणाऱ्याने लग्नाच्या दोन-तीन सीझनची कमाई त्यासाठी बाजूला ठेवलेली असते. उत्तर जपूनच द्यावं लागतं.

फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. फुजीफिल्म जीएफएक्स किंवा हॅसलब्लाड एक्स2डीचा 43.8 बाय 32.9चा. क्षेत्रफळ जवळपास 1.7 पट. पहाटेचा काळा कातळ आणि उजळलेलं आभाळ एकाच फ्रेममध्ये धरताना ही जागा कामी येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण फुल फ्रेमवर एफ/11ला जेवढी डेप्थ मिळते, तेवढ्यासाठी इथे एफ/14 लागतो. वारा असेल तर शटर मंद करता येत नाही, मग आयएसओ चढवायचा. जे टोन मिळावेत म्हणून एवढा खर्च केला, तेच हातचे जातात.

गेल्या सप्टेंबरात मित्राची शंभर मेगापिक्सेलची बॉडी घेऊन शहा डोंगरावर गेलो. चांदबीबीचा महाल म्हणून आपण ओळखतो ती सलाबतखानाची कबर मागे, लेन्सपासून हातभर अंतरावर कुसळीचं गवत. फोकस सरकवत सात फ्रेम घेतल्या, घरी येऊन स्टॅक केल्या. इमारतीचा दगडन्‌दगड मोजता येत होता आणि वाऱ्याने हललेलं पुढचं एकेक पातं तीन-तीनदा उमटलं होतं. हरिश्चंद्रगडावर सोनकी फुलते तेव्हा कोकणकड्याचा वारा याहून दांडगा असतो.

म्हणून मी आधी विचारतो, तुमच्या फोटोत पुढची फुलं मुख्य की मागचा डोंगर? फुलं असतील तर आहे तो फुल फ्रेम सोडू नका. हिवाळ्यातल्या रतनगडाच्या रांगा, भंडारदऱ्याच्या पाण्यावरचं धुकं, हे तुमचं काम असेल तर जरूर घ्या, पण प्रिंट केवढी काढता तेही पाहा. शंभर मेगापिक्सेलचे 11,648 बाय 8,736 पिक्सेल म्हणजे 300 डीपीआयला सुमारे 39 बाय 29 इंच. ए3वर थांबणाऱ्याला 51 मेगापिक्सेलची जुनी जीएफएक्स 50एस 2 पुष्कळ झाली. उरलेले पैसे ट्रायपॉडवर घालावेत. 50एस 2चे पिक्सेल मोठे असल्याने पडद्यावर 100 टक्के झूम करून पाहताना बारीकसारीक थरथरही कमी दिसते.

वजनाचंही बघा. जीएफएक्स 100एस 900 ग्रॅम, 32-64ची लेन्स 875 ग्रॅम, वर ट्रायपॉड आणि पाणी. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना हे सगळं तुमच्याच पाठीवर असतं.

आधी दोन दिवस भाड्याने घ्या. त्यातला एक दिवस वाऱ्याचा निवडा, आणि काढलेला एक तरी फोटो पूर्ण आकारात छापून भिंतीला लावून बघा.