क्रूस कोणाच्या जमिनीवर?
झिम्बाब्वेच्या इतिहासाचा धडा

आफ्रिकेतील ख्रिस्ती मिशनांचा विषय निघाला की दोन ठराविक उत्तरे पुढे येतात. उदारमतवादी बूर्झ्वा इतिहासकार म्हणतात : मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, शाळांतून पुढारी निघाले, पुढाऱ्यांनी स्वातंत्र्य आणले; तेव्हा आफ्रिकेची मुक्ती ही पर्यायाने मिशनचीच देणगी होय. दुसरे उत्तर आपल्यातीलच काही कॉम्रेड्सचे आहे. धर्मासंबंधी मार्क्सने वापरलेला एकच शब्द पाठ करून आणि त्याच्या आजूबाजूचे सारे विसरून ते निकाल देतात : मिशन म्हणजे साम्राज्यवादाचे हत्यार, यापलीकडे पाहण्याचे कारण नाही.

ही दोन्ही उत्तरे वरवर परस्परविरोधी दिसतात, पण त्यांचा पाया एकच आहे. मिशन ही एक अखंड, वर्गसंबंधांच्या बाहेर तरंगणारी वस्तू आहे असे दोघेही गृहीत धरतात. एकाला तिची आरती करावयाची असते, दुसऱ्याला तिचे दहन. इतिहासाचे काम मात्र आरतीनेही होत नाही आणि दहनानेही होत नाही. कोणत्या काळात जमीन कोणाच्या ताब्यात होती, आणि त्या ताब्याच्या प्रश्नावर चर्च कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे विचारल्याखेरीज या इतिहासाचा उलगडा होत नाही. ज्या देशाला एके काळी ऱ्होडेशिया म्हणत आणि १९८० पासून जो झिम्बाब्वे या नावाने ओळखला जातो, त्याचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे.

बाप्तिस्मा आणि सोन्याच्या खाणी

या कहाणीचा आरंभ गोव्यातून होतो, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गोव्याच्या जेझुइट प्रांताचा प्रमुख राहिलेला गोन्सालो दा सिल्व्हेरा हा पोर्तुगीज धर्मगुरू १५६० साली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि झांबेझीच्या दक्षिणेस मोनोमोतापाच्या दरबारात पोहोचला. त्याने राजाला बाप्तिस्मा दिला. हा पाहुणा पोर्तुगीजांचा हेर आहे असा संशय दरबारात बळावला, आणि मार्च १५६१ मध्ये त्याला ठार मारण्यात आले. पुढे काय झाले? १५६९ साली फ्रान्सिस्को बारेतोच्या नेतृत्वाखाली लिस्बनहून फौज निघाली. हेतू सांगितला गेला तो हुतात्म्याच्या खुनाचा जाब विचारण्याचा. डोळा होता तो सोन्याच्या खाणींवर. तापाने आणि लढायांनी ती फौज गारद झाली. पण १६२९ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या मावुरा राजाकडून पोर्तुगालचे मांडलिकत्व कबूल करून घेण्यात आले, आणि खाणींचा मार्ग मोकळा झाला. दरबाराचा संशय अगदीच निराधार नव्हता, एवढे तरी यावरून दिसते.

दुभाष्याची जबान

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीजांची जागा ब्रिटिश भांडवलाने घेतली. १८५९ साली लंडन मिशनरी सोसायटीने एन्डेबेले राज्यात इन्याती येथे ठाणे उघडले. तीस वर्षांच्या खटपटीनंतरही धर्मांतरितांची संख्या नगण्यच राहिली. एन्डेबेले राज्यसत्ता जोवर शाबूत आहे तोवर येथे पीक उगवणार नाही, असे काही मिशनऱ्यांचे मत बनत गेले. नेमक्या याच सुमारास सेसिल ऱ्होड्सलाही तेच हवे होते.

फेब्रुवारी १८८८ मध्ये राजा लोबेंगुला याने ज्या करारावर संमती दिली, तो घडवून आणणारा जॉन स्मिथ मोफट हा इन्यातीच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक. आता तो ब्रिटिश सरकारचा नोकर होता. ब्रिटनच्या परवानगीवाचून कोणाला भूमी द्यावयाची नाही, असे वचन राजाकडून घेण्यात आले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ऱ्होड्सच्या माणसांनी रड सवलतपत्र मिळविले. मोबदला ठरला तो असा : दरमहा १०० पौंड, १,००० मार्टिनी-हेन्री रायफली, १,००,००० काडतुसे आणि झांबेझीवर एक तोफनौका. बदल्यात राज्यातील सर्व खनिजांचे हक्क! या व्यवहारात दुभाषी होता मिशनरी चार्ल्स हेल्म. दहापेक्षा अधिक गोरे खणायला येणार नाहीत, असे राजाला तोंडी सांगण्यात आले होते, आणि ही गोष्ट हेल्मने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. कागदावर मात्र तिचा मागमूस नव्हता. राजाने मिशनऱ्याच्या शब्दावर विसंबून शिक्का उमटविला. खरा प्रकार कळल्यावर त्याने सवलतपत्र नाकारले, लंडनला दूत धाडले. पण ऑक्टोबर १८८९ मध्ये ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला राजसनद मिळालीच.

हेल्म वैयक्तिकदृष्ट्या लबाड होता की भाबडा, या चर्चेत आम्हाला स्वारस्य नाही. ज्याच्या शब्दावर राजाचा विश्वास होता, त्याचा शब्द भांडवलाच्या कामी आला, ही वस्तुस्थिती पुरेशी आहे.

कंपनीचे दान

१८९० साली कंपनीचा काफिला माशोनालँडमध्ये घुसला. प्रत्येक वसाहतवाल्याला ३,००० एकरांचे शेत आणि सोन्याच्या १५ क्लेमचे आश्वासन होते. काफिल्याबरोबर धर्मगुरूही होते, आणि वाटणीत त्यांचाही हिस्सा निघाला. सॉल्झबरीजवळ चिशावाशा येथे जेझुइटांना हजारो एकर जमीन मिळाली. अँग्लिकन, मेथडिस्ट आदी पंथांनाही अशीच दाने पोहोचली. काही लाख एकर जमीन अशा रीतीने मिशनांच्या नावे झाली. जी जमीन कंपनीची नव्हतीच, ती तिने दान केली, आणि चर्चने ती आशीर्वादासह स्वीकारली.

या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणारे शेतकरी एका रात्रीत मिशनचे कूळ बनले. त्यांनी खंड द्यावा, वेठीला यावे, मुलांना मिशनच्या शाळेत घालावे, एकाहून अधिक बायका करू नयेत, पूर्वजांचे विधी सोडावेत. जमीनदार आणि पाद्री एकाच झग्यात उभा असेल, तर प्रवचन कोठे संपते आणि खंडवसुली कोठे सुरू होते, हे कुळाने कसे ओळखावे?

१८९६-९७ च्या पहिल्या चिमुरेंगात, म्हणजे शोना आणि एन्डेबेले जनतेच्या सशस्त्र उठावात, याचे उत्तर मिळाले. चिशावाशाच्या मिशनला वेढा पडला. मोझांबिकहून आलेला आफ्रिकन धर्मोपदेशक बर्नार्ड मिझेकी मारला गेला. उठाव चिरडल्यावर नेहांडा आणि कागुवी या दोन आत्म-माध्यमांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी देण्यात आले. कोठडीत त्यांच्याकडे चिशावाशाचा पाद्री धाडण्यात आला होता. कागुवीने बाप्तिस्मा घेतला. नेहांडाने अखेरपर्यंत घेतला नाही. सत्तर वर्षांनंतर दुसऱ्या मुक्तियुद्धातील गेरिलांच्या ओठांवर नाव होते ते नेहांडाचे.

अपवाद आणि त्यांची किंमत

म्हणून सगळे मिशनरी सारखेच, असे म्हणणाऱ्यांनी आर्थर शिअर्ली क्रिप्स यांचे नाव ऐकलेले नाही. १९०१ साली आलेले हे अँग्लिकन पाद्री झोपडीकराच्या विरोधात लिहीत राहिले. त्यांनी जमीन विकत घेतली आणि आफ्रिकन कुटुंबांना तेथे खंडावाचून राहू दिले. शाळांसाठी सरकारी अनुदान घेण्याच्या प्रश्नावर त्यांचे आपल्याच चर्चशी पटेना. शेवटी ते चर्चच्या परवान्यावाचून स्वतंत्रपणे काम करू लागले. क्रिप्स चांगले गृहस्थ होते म्हणून वेगळे ठरले, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. चांगले गृहस्थ इतरही असतील. क्रिप्स यांनी खंड सोडला आणि अनुदान नाकारले. जमीनदारीशी आणि सत्तेशी असलेली नाळ त्यांनी स्वतःच्या हाताने कापली. यात त्यांचे वेगळेपण आहे.

चर्चने एक संस्था म्हणून ही नाळ कापली नाही. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने सुमारे ५०,००० गोऱ्यांसाठी देशाची जवळजवळ निम्मी भूमी राखून ठेवली आणि दहा लाखांच्या आसपास असलेल्या आफ्रिकनांना जेमतेम तीस टक्के दिली. तेव्हा मिशनांच्या वर्तुळात जमिनीची वंशवार विभागणी हे आफ्रिकनांना मिळणारे संरक्षण आहे, असा युक्तिवाद चालला होता. या सापळ्यात प्रारंभी क्रिप्सही अडकले होते. सदिच्छा वर्गसंबंधांची जागा घेऊ शकत नाही, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

शाळांचा मुद्दाही येथेच तपासून पाहू. आफ्रिकन मुलांच्या बहुसंख्य शाळा मिशनच्या होत्या, रॉबर्ट मुगाबे कुटामाच्या जेझुइट शाळेत शिकले, हे खरे. पण डाडाया मिशनचा प्रमुख गारफील्ड टॉड याची गोष्ट पाहा. न्यूझीलंडहून आलेला हा मिशनरी १९५३ साली पंतप्रधान झाला. १९५४ मध्ये वांकीच्या कोळसा खाणीत आफ्रिकन कामगारांनी संप केला, तेव्हा याच शिक्षणप्रेमी पंतप्रधानाने सैन्य धाडले. चार वर्षांनी त्याच्याच मंत्रिमंडळाने त्याला फार उदार ठरवून घालविले. पुढे इयान स्मिथच्या राजवटीने त्याला स्थानबद्ध केले. गोऱ्या वसाहतीच्या चौकटीत राहून भले करू पाहणाऱ्याला अखेर ती चौकटच बाहेर फेकते. शाळेने अक्षरे दिली. त्या अक्षरांचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे शिक्षण मुक्तिलढ्याने दिले.

दोन बिशप

११ नोव्हेंबर १९६५ रोजी स्मिथने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले आणि हे पाऊल न्याय, सुसंस्कृती व ख्रिस्ती धर्म यांच्या रक्षणासाठी असल्याची घोषणा केली. त्यानंतरच्या युद्धात दोन बिशप समोर येतात.

पहिले, उमतालीचे कॅथलिक बिशप डोनाल लॅमाँट. वंशाने आयरिश, कातडीने गोरे. कम्युनिझमचे ते मुळीच मित्र नव्हते. स्मिथच्या वर्णद्वेषामुळे आफ्रिकन जनता कम्युनिझमकडे वळेल, हीच तर त्यांची तक्रार होती. परंतु गेरिला औषध मागायला आले तर द्यावे आणि सरकारला खबर देऊ नये, असे त्यांनी आपल्या जोगिणींना सांगितले. १९७६ मध्ये त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. अपिलात ती कमी झाली आणि १९७७ साली त्यांचे नागरिकत्व काढून घेऊन त्यांना हद्दपार करण्यात आले.

दुसरे, मेथडिस्ट बिशप एबेल मुझोरेवा. आफ्रिकन, जनतेतून आलेले. १९७१-७२ मध्ये ब्रिटन आणि स्मिथ यांच्या तडजोडीला जनतेने ठाम नकार दिला, त्या मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. हे श्रेय त्यांचे आहे आणि ते कोणी हिरावू नये. पण ३ मार्च १९७८ रोजी त्यांनी स्मिथशी अंतर्गत करार केला. मूठभर गोऱ्यांना संसदेच्या १०० पैकी २८ जागा मिळाल्या. सैन्य, पोलीस आणि न्यायसंस्था यांवरील त्यांची पकड कायम राहिली. जून १९७९ मध्ये बिशप पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीतही मोझांबिक व झांबियातील तळांवर हल्ले चालूच राहिले. फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीत जनतेने कौल दिला : आफ्रिकनांच्या ८० जागांपैकी मुझोरेवांच्या पक्षाला तीन, मुगाबे यांच्या झानूला ५७, एन्कोमो यांच्या पक्षाला २०.

दोघांच्या हाती बायबल तेच होते. कातडीचा रंग पाहून त्यांची बाजू ओळखू पाहणाऱ्याचा अंदाज दोन्ही वेळा चुकला असता.

मुक्तिसेनेच्या बाजूलाही डाग आहेत. जून १९७८ मध्ये व्हुम्बा येथील एलिम मिशनमधील शिक्षकांची, त्यांच्या लहान मुलांसह, गेरिलांच्या हातून कत्तल झाली. लढा न्याय्य होता म्हणून हे कृत्य न्याय्य ठरत नाही.

कसोटी आपल्यालाही

येथवरची मांडणी पुष्कळ कॉम्रेड्सना पटेल. अडचण पुढे आहे.

१९८० साली मेथडिस्ट पाद्री कनान बनाना नव्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झाले, मुगाबे पंतप्रधान झाले. जानेवारी १९८३ मध्ये उत्तर कोरियाच्या प्रशिक्षकांनी तयार केलेली पाचवी ब्रिगेड माताबेलेलँडमध्ये उतरविण्यात आली. डिसेंबर १९८७ च्या ऐक्य करारापर्यंत चाललेल्या या गुकुराहुंडीत हजारो एन्डेबेले नागरिक मारले गेले. मृतांचा अंदाज २०,००० पर्यंत केला जातो. १९८३ च्या ईस्टरला कॅथलिक बिशपांनी याविरुद्ध जाहीर पत्र काढले. मुगाबे त्यांच्यावर उखडले. ज्या कॅथलिक न्याय व शांतता आयोगाने स्मिथच्या काळात सैन्याचे अत्याचार नोंदविले होते, त्यानेच एका कायदेविषयक संस्थेच्या सहकार्याने १९९७ मध्ये या कत्तलीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

यावर काही जण म्हणतात : हे चर्चवाले, जुन्या साम्राज्यवाद्यांचे वारस, मुक्तिलढ्याच्या सरकारवर टीका करण्याचा त्यांना काय अधिकार? आमचा उलट सवाल आहे. १९७६ मध्ये लॅमाँट यांची साक्ष आपण ग्राह्य धरली, ती ते बिशप होते म्हणून नव्हे, तर ती खरी होती म्हणून. मग १९८३ मध्ये साक्ष देणारा बिशप आहे, एवढ्यावरून ती खोटी कशी ठरते? मारले गेलेले शेतकरी होते, गरीब होते. त्यांची बाजू घेण्याचे काम ज्यांनी करावयास हवे होते ते गप्प बसले, आणि पाद्री बोलले. यात लाज कोणाला वाटावयास हवी?

जमिनीची कसोटी शेवटीही लागू पडते. २००० नंतर गोऱ्या जमीनदारांची शेते घेण्यात आली. शतकभराचा अन्याय मोडला गेला, हजारो गरीब कुटुंबांना जमीन मिळाली, हे नाकारणे म्हणजे जुन्या जमीनदारांची वकिली करणे होय. पण त्याच वाटणीत मंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांनाही शेते मिळाली. आणि मुगाबे यांचे उघड समर्थक असलेले हरारेचे अँग्लिकन बिशप नोल्बर्ट कुनोंगा यांनाही एक शेत मिळाले. पुढे त्यांनी आपल्याच पंथाची चर्चे व शाळा ताब्यात घेतल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या परत देवविल्या. कंपनीच्या राजवटीने चिशावाशाला जमीन दिली आणि आशीर्वाद मिळविला. नव्या राजवटीने कुनोंगांना शेत दिले आणि तेच मिळविले. झेंडा बदलला, सौदा तोच.

तेव्हा धर्मोपदेशक भेटला की त्याचा पंथ, त्याचा वर्ण, त्याचे प्रवचन यांवरून घाईने निवाडा करू नये. तो ज्या जमिनीवर उभा आहे तिचा सातबारा पाहावा, खंड कोणाला जातो ते पाहावे, आणि कुळाच्या बाजूने बोलण्याची पाळी आली तेव्हा त्याने तोंड उघडले की मिटले, ते पाहावे. आणि हीच चौकशी क्रांतीच्या नावाने राज्य करणाऱ्यांचीही तितक्याच कठोरपणे करावी. त्यांना वगळून केलेली चौकशी चौकशी राहत नाही. ती आपल्या माणसांची वकिली होते.