दौरा हिवरे बाजारचा झाला, बोअर मात्र सुरूच! गावं नेमकं काय पाहून येतात?

पावसाळा उघडला की ग्रामपंचायतींचे अभ्यास दौरे सुरू होतात. पहाटे गाडी निघते. राळेगण सिद्धी, हिवरे बाजार, जमलं तर संभाजीनगरजवळचं पाटोदा, आणि परतताना शिर्डी. दुपारपर्यंत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडायला लागतात. बंधाऱ्यावर उभे राहिलेले सदस्य, स्वच्छ रस्ते, हिरवा डोंगर. संध्याकाळी ‘आपलंही गाव असंच करायचं’ असा मेसेज येतो, त्यावर पन्नास अंगठे पडतात.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावात टँकर येतो. असं का होतं?

दौऱ्यात जे डोळ्यांना दिसतं ते हिवरे बाजारचं निम्मंच काम आहे. बंधारे, चर, झाडं फोटोत येतात. गावाने स्वतःवर घातलेली बंधनं फोटोत येत नाहीत.

नगर तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेत येतं. पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. 1972 च्या दुष्काळानंतर इथलीही माणसं कामासाठी बाहेर पडत होती, गावात दारूच्या भट्ट्या होत्या. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं तेव्हा नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली गेली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिकं लावायची नाहीत, हेही ठरलं.

चराईबंदी म्हणजे काय, हे शेळ्या पाळणाऱ्याला विचारा. डोंगर बंद झाला की पहिला फटका त्यालाच बसतो. हिवरे बाजारला डोंगरावर गवत वाढलं, ते कापून आणायची मुभा मिळाली, घरोघरी गायी आल्या आणि रोजचं दूध काही शे लिटरवरून काही हजार लिटरवर गेलं. पण आधी बंदी आली, फायदा नंतर. मधली वर्षं लोकांनी कशी काढली, हे तिथल्या जुन्या माणसांना विचारायला हवं. दोन तासांच्या दौऱ्यात ते कोणी विचारत नाही. ‘करोडपतींचं गाव’ नावाचे व्हिडिओ तर थेट शेवटच दाखवतात.

गावाचा खरा कणा आहे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस पडला आणि विहिरींना किती पाणी आहे, ते मोजतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढलं जातं. उरलेल्या पाण्यात रब्बीची कोणती पिकं बसतात, ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी झाला असेल तर भिजवायचं क्षेत्र कमी, उन्हाळी पिकाला नकार.

हा हिशेब अवघड नाही. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. हिवरे बाजारचं शिवार हजार हेक्टरच्या थोडं आत आहे, म्हणजे 100 मिलिमीटर पावसात शिवारावर साधारण 97-98 कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंचसं वाहून जातं, वाफ होतं, मातीत मुरतं. विहिरीत येतो तो थोडा वाटा. आता पाटाने भिजवलेला एक एकर ऊस वर्षाला 80 लाख ते 1 कोटी लिटर पाणी पितो. 25 एकर ऊस झाला की 20 ते 25 कोटी लिटर गेलं! बंधारा कितीही पक्का बांधा, हे गणित बदलत नाही.

राज्याने मधल्या काळात बंधारे, खोलीकरण भरपूर केलं. जलयुक्त शिवारवर 9,600 कोटींहून जास्त खर्च झाला, तरी भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असा शेरा ‘कॅग’ने 2020 मध्ये मारला. त्यावर राजकारण खूप झालं. पण अडवलेल्या पाण्यावर पुढे कोणाच्या मोटारी बसल्या, हा प्रश्न गावागावात तसाच राहिला. पाणी अडवायला जेसीबी पुरतो. वापरावर लगाम घालायचा तर भावकीत वाईटपणा घ्यावा लागतो, आणि निवडणूक तोंडावर असताना तो कोण घेणार?

हिवरे बाजारची नक्कल सगळीकडे होईल, असंही नाही. ते दीड हजाराच्या आतलं गाव आहे, एकाच माणसाच्या शब्दाला तिथे तीस-पस्तीस वर्षं वजन राहिलं. पाच हजार वस्तीच्या, दोन पॅनलमध्ये फाटलेल्या गावात असा ठराव आवाजी मतदानाने होणं कठीण. शिवाय ज्याने कर्ज काढून डाळिंब लावलंय, त्याला ‘बोअर बंद कर’ म्हणणं म्हणजे बाग जाळ म्हणण्यासारखं आहे. त्याचा पाचशे फूट बोअर कोरडा गेला तर खर्च डोक्यावर बसतोच, आणि पाणी लागलं तर शेजारच्याची विहीर आटते. भूजलाचा कायदा आहे, खोल बोअरला त्यात अटकाव आहे, तरी रात्री गाडीचा आवाज कोणाला ऐकू येत नाही!

म्हणून सुरुवात बंदीपासून नाही, मोजण्यापासून करता येते. पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसतो. विहिरीची पातळी दोरीला दगड बांधून शाळेतली पोरंही मोजतात. अटल भूजल योजनेतल्या गावांचे पाण्याचे ताळेबंद तर तयारही झाले आहेत. बऱ्याच ठिकाणी ते फाइलीत आहेत, ग्रामसभेत वाचलेले नाहीत. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा रब्बीच्या पेरणीच्या तोंडावरच येते. तो कागद तिथे मोठ्याने वाचायला सांगणं हा कोणत्याही मतदाराचा हक्क आहे.

आणि पुढचा दौरा काढताना गाडीत कोण बसतंय तेही पाहायला हवं. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक जातातच. ज्यांच्या शेतात तीन-तीन बोअर आहेत ते शेतकरी आणि एप्रिलमध्ये हंडा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका, या दोघांना एकाच गाडीत नेऊन तिथल्या ग्रामसभेला बसवलं, तर परतीच्या वाटेवर बोलणं वेगळं होईल.