सर्वांस खुली पाठशाळा!

गेल्या महिन्यापासून आमच्या भागांत एक हस्तपत्रक फिरत आहे. एका क्षेत्रीं नवीन निघालेल्या लहानशा पाठशाळेंत जातिभेद न मानितां सर्व हिंदु मुलांस वेदविद्या व पौरोहित्य फुकट शिकविण्यांत येईल, जेवणाखाण्याची सोय होईल आणि दहावी झालेल्या मुलांस आधीं घेण्यांत येईल, असें त्यांत लिहिलें आहे. आमच्या तिघां वाचकांनीं हें पत्रक आमच्याकडे पाठवून विचारलें आहे कीं, मुलास धाडावें कीं नाहीं? विचारणारांत एक माळी, एक कोष्टी व एक कोरडवाहू शेतकरी आहे. पोरास शहरांत ठेवून शिकविण्याची ऐपत नाहीं, शेतांत पाऊस नाहीं. अशा वेळीं फुकट जेवून विद्या मिळते म्हटल्यावर बापाचें मन हालणारच. त्यांस एका शब्दांत "धाडूं नका" म्हणून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून आमच्या एका विद्यार्थ्याची हकिकत येथें देतों.

हा मुलगा सुताराचा. मराठी शाळेंत चार वर्षें आमच्या हाताखालीं होता. पाठांतर पक्कें, गळा गोड. एकादशीला देवळांत अभंग म्हणूं लागला म्हणजे म्हाताऱ्या बाया हातांतलें काम टाकून बसत. दहावी झाल्यावर त्यानें अशाच एका पाठशाळेंत नांव घातलें. "सर्वांस मुक्त प्रवेश" अशी तेथें दारावर पाटी होती, आणि ती पाटी खोटी नव्हती. प्रवेश मिळाला, अंथरूण मिळालें, दोन वेळां पोटभर जेवण मिळालें. कोणी त्यास मारलें नाहीं कीं शिवी दिली नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

पण आंत गेल्यावर कळलें कीं तेथें वर्ग दोन आहेत. पहांटेचा वर्ग संहितेच्या संथेचा. तो ज्यांच्या मुंजी झाल्या त्यांचा. दुसरा वर्ग तिसऱ्या प्रहरीं. त्यांत सत्यनारायणाची पोथी, वास्तुशांतीची मांडणी, सुपाऱ्या किती, विड्याचीं पानें किती, कलशांत काय घालावें, एवढेंच. मधला सारा वेळ गाईंचें शेण काढण्यांत, पाणी भरण्यांत व झाडलोटींत जाई. त्यांत हा पडला सुताराचा पोर! पाठशाळेचीं दारें, खिडक्या, पाट सारें त्याच्याच गळ्यांत आलें. अकरा महिन्यांत त्यानें चौदा चौरंग केले. मंत्र मिळाले ते मात्र दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपले.

एके दिवशीं त्यानें धीर करून विचारलें, "गुरुजी, आम्हांला सकाळची संथा कां नाहीं?" गुरुजी रागावले नाहींत. हंसून म्हणाले, "बाळ, तुला पोटापुरतें पाहिजे ना? तेवढें शिकवतोंच आहें." त्यांनीं डोळे वटारले असते तर पोरगा भांडला तरी असता. या गोड उत्तरापुढें तो गप्प बसला.

तो वडील विद्यार्थ्याबरोबर पूजेस मदतनीस म्हणून जाई. दक्षिणा संस्थेच्या पेटींत, याच्या हातीं एस. टी.चें भाडें. शेवटीं सोनेरी कांठाचा एक कागद घेऊन तो निघाला. एका देवस्थानच्या कचेरींत तो कागद दाखविला, तेव्हां कारकुनानें उलटसुलट पाहून सांगितलें कीं हा येथें चालत नाहीं.

पुढची गोष्ट पाठशाळेची नाहीं, आमच्याच घरांतली आहे. मुलगा गांवीं आला त्याच वैशाखांत त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. चुलत्यानें तालुक्याहून भटजी आणविला, गाडीभाडें दिलें, दक्षिणा दिली, आणि पुतण्या मांडवांत पाट मांडीत राहिला! आम्हीं विचारलें तेव्हां चुलता म्हणाला, "मास्तर, आपल्याच पोराच्या हातून केलेलें देवाला पोंचेल का?" पाठशाळेनें त्यास पहांटेच्या वर्गाबाहेर ठेविलें, यांत नवल कसलें? भाऊबंदांनीं त्यास मांडवांतच बाहेर ठेविलें. तो आज रंधा चालवितो व पोट भरतो. अभंग मात्र म्हणत नाहीं.

कोणी म्हणेल कीं एका आडबाजूच्या पाठशाळेवरून सर्वांस नांवें ठेवूं नयेत. ठीक आहे. मग तमिळनाडूकडे पहा. तेथें हें काम खुद्द सरकारनें अंगावर घेतलें होतें. देवळांतील पुजाऱ्यांचा वंशपरंपरेचा हक्क काढणारी कायद्याची दुरुस्ती तेथें 1970 सालीं झाली. 1972 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मान्य केली, पण पुजारी नेमतांना आगमांचा नियम पाळला पाहिजे अशी मेख ठेविली. पेरियार रामस्वामी 1973 सालीं वारले, तेव्हां हा प्रश्न तसाच पडून होता. (देव न मानणारा हा म्हातारा गाभाऱ्याच्या हक्कासाठीं जन्मभर कां भांडला, हें आमच्या कांहीं विद्वानांस अजून उमगत नाहीं. सुताराच्या पोरास विचारावें.) पुढें 2006 सालीं सरकारनें हुकूम काढला कीं योग्य शिक्षण घेतलेला कोणत्याही जातीचा हिंदु पुजारी होऊं शकेल. त्यासाठीं सहा शाळा काढल्या; मदुरा, पळणी, तिरुवण्णामलै, श्रीरंगम् अशा मोठ्या क्षेत्रीं त्या होत्या. दीड वर्षाचा अभ्यास पुरा करून 206 विद्यार्थी बाहेर पडले. त्यांत दलितांचीं मुलेंही होतीं.

आणि मग? पिढीजाद पुजाऱ्यांची संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेली होती, नेमणुका थांबल्या. निकाल लागला 2015 च्या डिसेंबरांत, आणि त्यांतही पुन्हां आगमांचाच दाखला. पहिली नेमणूक 2018 सालीं मदुरेच्या एका लहानशा अय्यप्पा मंदिरांत झाली. 14 ऑगस्ट 2021 रोजीं 58 जणांस नेमणुकीचे हुकूम मिळाले. त्यांत या शाळांतून शिकलेले अवघे 24. विशींत शिकलेला मुलगा तोंवर पस्तिशीला आला. इतक्यावरही भागलें नाहीं. त्रिचीजवळच्या कुमारवयलूर देवळांतील दोघां नव्या पुजाऱ्यांच्या नेमणुका मद्रास हायकोर्टानें 2023 च्या मार्चांत रद्द केल्या. सरकारची शाळा, सरकारचा दाखला, सरकारचें देऊळ, आणि तरीही ही गत! मग ज्या पाठशाळेच्या मागें एक हस्तपत्रक आणि एक दानपेटी एवढेंच भांडवल आहे, तिच्या कागदावर आमच्या कोष्टीबाबांनीं किती भरंवसा ठेवावा?

शेजारच्या केरळांत काम निराळ्या रीतीनें झालें. पुजारी ब्राह्मणच पाहिजे हा हट्ट सर्वोच्च न्यायालयानें तेथील एका खटल्यांत 2002 सालींच नाकारला होता. 2017 सालीं त्रावणकोर देवस्वम् मंडळाच्या देवळांसाठीं भरती मंडळानें लेखी परीक्षा व मुलाखती घेतल्या आणि 36 ब्राह्मणेतर पुजारी निवडले. त्यांतले 6 दलित. तेथें आधीं जागा ठरल्या आणि मग परीक्षा झाली. आमच्या शाहू महाराजांनींही हेंच ओळखलें होतें. वेदोक्ताचा अपमान सोसल्यावर त्यांनीं मराठा पुरोहित तयार करण्यास कोल्हापुरांत वैदिक शाळा काढली, 1920 सालीं क्षात्रजगद्गुरूचें पीठ स्थापिलें, आणि शिकून निघालेल्यांस कामही दिलें.

दुसरी वाट जोतीरावांची. सत्यशोधक समाज 1873 सालीं निघाला, आणि त्याच वर्षीं भटजीवांचून लग्न लागलें. 1887 सालीं जोतीरावांनीं लग्नाचे व पूजेचे विधि मराठींत छापून दिले. ओतूरच्या ग्रामजोश्यानें आपला हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली. ती मुंबई हायकोर्टापर्यंत गेली व 1890 सालीं निकाल सत्यशोधकांच्या बाजूनें लागला. म्हणजे मांडवांत कोणास उभें करावयाचें हें ठरविण्यास आम्हांस कोणत्याही पाठशाळेची परवानगी नको आहे.

मुलास संस्कृताची खरोखर आवड असेल तर तें खुशाल शिकावें. त्या भाषेवर कोणाची मालकी नाहीं. पण सरकारमान्य कॉलेजांत शिकावें. रामटेकास कालिदासाच्या नांवाचें संस्कृत विद्यापीठ 1997 पासून आहे. तेथली पदवी कोठेंही दाखवितां येते, ती पाहून कारकून मान हालवीत नाहीं.

हस्तपत्रक काढणाऱ्या गृहस्थांस आम्हीं पत्र लिहिलें आहे. संहितेची संथा सर्वांस एकाच वर्गांत देणार काय? विद्यार्थ्यानें मिळविलेली दक्षिणा कोणाची? तेथला दाखला कोणतें देवस्थान मानतें, त्याचें नांव काय? शेण काढण्याची पाळी मुंज झालेल्या मुलांवरही येते काय? एवढेंच त्यांत विचारलें आहे. उत्तर आल्यास एक अक्षर न गाळतां छापूं. तोंवर आमच्या तिघां वाचकांनीं मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले घरींच ठेवावे.